टक्!

गाडी कायमची बंद पडण्याची भीती जुनी जीप बाळगणाऱ्याला नसते. कायमचा बिघाड सापडतो. छळतो तो अधूनमधून येणारा. किल्ली फिरवावी तर सेल्फ नुसता 'टक्' करतो, आणि गॅरेजवाला येऊन बसला की त्याच गाडीचं इंजिन पहिल्या किल्लीला धडधडतं. मग आजारपणाचं सोंग घेतलेल्या पोराकडे मास्तर बघतात तसा तो माझ्याकडे बघतो.

चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या गाड्या आपलं दुखणं आपणच कोड नंबरासकट सांगतात. माझी डिझेल जीप १९९६ची. तिला एकच सॉकेट, सिगारेट लायटरचं, आणि तेही बंद. एक खानदानी गुण मात्र आहे : इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज नाही. भूमकर चौकाच्या कोंडीत हॉर्न बसला, हेडलाइट मिणमिणले, चार्जिंगचा लाल दिवा पेटला, तरी ती आपली चालूच. बंद करायलाही दांडी ओढावी लागते.

हिंजवडीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये भेटेल तो इंजिनिअर असतो आणि मेकॅनिक कुणीच नसतो. क्लाउडवाल्यानं बॅटरी बदलायला लावली. डेटाबेसवाल्यानं डायनॅमो उतरवायला लावला. त्यानंतर सेल्फही खोलून झाला. टेस्टिंगमध्ये नोकरी करणारा बी विंगमधला पोरगा तेवढा म्हणाला, "काका, नक्की कधी होतं ते आधी लिहू या." त्यानं एक्सेल शीट उघडली. ऊन की पाऊस, चढ की उतार, हेडलाइट चालू की बंद, वाकडच्या पुलाआधी की नंतर. शीटनं सांगितलं, गाडी मंगळवारी बंद पडते. सासूबाईंनी तत्काळ बंपरला लिंबू-मिरची बांधली. पोरानं तिचाही कॉलम वाढवला.

शेवटी माण रस्त्यावरचे वायरिंगवाले मामा गाठले. पोरगा लॅपटॉपसह बरोबर. मामांनी बॉनेटला हातही लावला नाही. "सेल्फ मारा. अजून मारा." आणि स्वतः स्टॉपच्या केबलवर बोटं ठेवून बसले.

"गरम झाली की!"

त्या केबलचा आणि विजेचा काडीचा संबंध नाही, आणि गोम नेमकी तीच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे चासीपासून तुटलेलं. सेल्फ शेकड्यानं अँपिअर ओढतो. तो करंट इंजिनातून चासीत आणि तिथून बॅटरीत परतावा म्हणून तांब्याची एक विणलेली पट्टी असते. गॅरेजात तिला अर्थ म्हणतात. ती नीट टेकली नाही की करंट मिळेल त्या धातूतून वाट काढतो, अगदी स्टॉपच्या केबलमधूनही. एका खड्ड्यात पट्टी टेकते, पुढच्यात सुटते, आणि वाकडपर्यंत खड्ड्यांचा तुटवडा नाही. गॅरेजवाल्याच्या हाताला यश का, तेही कळलं. तो अंगानं दणकट. धपकन सीटवर बसला की गाडी हलायची आणि पट्टी टेकायची.

मामांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनला. सेल्फ मारताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तो चारवर गेला. मग ते गाडीखाली शिरले. मागच्या मालकानं विकण्याआधी पट्टी सोडून चासीला काळं अंडरकोटिंग थापलं होतं, बोल्टच्या जागेवरसुद्धा, आणि पट्टी त्या रंगावरच कसली होती. कडेला हिरवट भुकटी साठलेली. पवनाकाठच्या चिखलाचाही त्यात वाटा असणार. मामांनी सॅंडपेपरनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस फासलं. केबल थंड राहिली.

पोरगा समाधानी नव्हता. "मामा, आता पट्टी पुन्हा ढिली करून बघू. 'टक्' परत आलं तरच बग हाच होता असं म्हणता येईल."

मामांनी आधी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि मग मला बिल सांगितलं.