पंधरा बाय वीसचे अण्णा

कोल्हापुरात पैलवानांची आणि फिटरांची वानवा कधी पडली नाही. पैलवानाचं वय झालं की तो तालमीबाहेरच्या कट्ट्यावर बसून पोरांच्या डावातल्या चुका काढतो. फिटर निवृत्त झाला की घरामागच्या परड्याकडे टक लावून बघायला लागतो. ती नजर आमच्या गल्लीत आता सगळ्यांना ओळखू येते. कढीपत्त्याचं झाड, धुण्याचा दगड, तुळशीची कुंडी यांचे दिवस भरले असं खुशाल समजावं.

आमचे अण्णा त्या जातीतले अस्सल. उभी हयात शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे सुटे भाग करण्यात गेली. निरोप समारंभात मिळालेली शाल त्यांनी दुसऱ्याच दिवशी वाइसवर घातली, धूळ बसू नये म्हणून. आता घरचं वर्कशॉप उभारायचं, तेही स्वतःच्या हातानं आणि वेल्डिंगचा एक टाका न मारता. खांब, कैच्या, पर्लिन, पत्रे, सगळं कारखान्यातून मापात कापून, भोकं पाडून येणार. आपण नुसते बोल्ट आवळायचे. “दोन माणसं, दोन पाने, दोन दिवस,” अण्णा म्हणाले.

अशा माणसाला इतिहास तोंडपाठ असतो, फक्त आपल्या सोयीचा. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा 1860च्या दशकात विलायतेत ओतून, बोटीनं आणून इथं जोडला, हे अण्णांनी आम्हाला ऐकवलं. पहिल्या महायुद्धात, 1916 साली, निसेन नावाच्या अधिकाऱ्यानं अर्धगोल पत्र्याची झोपडी काढली, ती सहा सैनिक चार तासांत उभी करत, हेही ऐकवलं. अण्णांचे खांब संक्रांतीला आले आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत आडवेच होते. वहिनी म्हणाल्या, “त्या सहातले दोघं कुठं भेटतात का बघा.”

शेडचं माप 15 बाय 20 फूट. एवढीच का, तर या मापाचा कर्ण बरोबर 25 फूट येतो. तीन-चार-पाचचं गणित, पाचपट. अपूर्णांकाची कटकट नको. एक लेथ, एक ड्रिल आणि एक ग्राइंडर एवढ्या संसाराला यापेक्षा लहान शेडही पुरली असती. पण सुबक कर्णासाठी कढीपत्ता गेला.

मापं घेताना टेपचं शून्याचं टोक धरण्याचं काम वहिनींकडे. त्या टेपच्या टोकाचा आकडा ढिला आहे, बदलून घ्या, असं त्यांनी सुचवलं तेव्हा अण्णांनी अर्धा तास व्याख्यान दिलं. आकडा जितका जाड, तितकाच तो मागंपुढं सरकायला हवा, म्हणजे बाहेरून अडकवा की आतून टेकवा, माप खरंच येतं. मुद्दा बिनतोड होता. वहिनी तोवर उन्हात.

पायाचे बोल्ट काँक्रीटमध्ये बसवताना अण्णांनी एक बाजू घराच्या भिंतीला समांतर धरली आणि दुसरी कंपाउंडच्या. दोन्ही भिंती त्यांच्याच देखरेखीखाली बांधलेल्या, तेव्हा काटकोनाची शंका घेणं म्हणजे घरच्या माणसावर संशय घेणं. कर्ण मोजला तो काँक्रीट वाळल्यावर. एक आला 25 फूट 2 इंच. दुसरा 24 फूट 10 इंच.

“सरासरी बरोबर पंचवीस,” अण्णा म्हणाले.

उद्यमनगरातून मदतीला आलेला पोरगा म्हणाला, “अण्णा, सरासरीत बोल्ट बसत न्हाई.”

तयार मालाचा हाच खोडा आहे. गवंडी चूक प्लॅस्टरखाली घालतो, वेल्डर ती रॉडनं भरून काढतो. कारखान्यातून पडून आलेलं भोक मात्र समजुतीचं घेत नाही. खालची दोन इंचं वर कैचीपर्यंत जातात आणि तिथं बोल्ट भोकाकडे तोंड करून नुसता बघत राहतो. अण्णांनी कॅटलॉगला दोष दिला, मग भोकांना. पोरगा पुन्हा म्हणाला, “भोकं नीट हाईत. घर चुकलंय.” वहिनींना यात नवल वाटलं नाही. सोप्यातली सतरंजी वास्तुशांतीपासून कधी सरळ बसली नव्हती. पाया फोडून नव्यानं केला. अण्णांच्या नोंदवहीत त्याची नोंद ‘सुधारणा’ अशी आहे.

पुढचा नियम त्यांनीच घालून दिला: सगळे बोल्ट आधी हातानं चढवायचे, सांगाडा ओळंब्यात आला की मगच आवळायचे. तो मोडलाही त्यांनीच. अठरा-एकोणीसचा पाना हातात असताना ढिला नट बघून पुढं जायचं, हे फिटरच्या रक्तात नाही. पोरगा पलीकडून ढिले करत येई, अण्णा अलीकडून आवळत जात.

पत्र्यांच्या वेळी मात्र अण्णा अण्णाच होते, हे मान्य करायला हवं. पोरग्यानं पहिला पत्रा पश्चिमेच्या टोकाला ठेवला. अण्णांनी तो काढायला लावला. पाऊस येतो पश्चिमेकडून, म्हणजे पत्रे पूर्वेकडून चढवत यायचं, मग पत्र्यावर पत्र्याची उघडी कड वाऱ्याच्या तोंडी येत नाही. स्क्रू मारून झाल्यावर संध्याकाळी स्वतः शिडीवर चढून त्यांनी रंगाच्या ब्रशनं लोखंडाचा बारीक कीस झाडून काढला, तो रात्रीत गंजून पत्र्यावर डाग पाडतो म्हणून. कीस कागदाच्या पुडीत बांधून खाली आणला. जून-जुलैचा कोल्हापुरी पाऊस झाला, पंचगंगेचं पाणी चढलं-उतरलं, शेडमध्ये थेंब नाही. अण्णा छत्री मिटून आत उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून कोरडी जमीन दाखवत.

डिसेंबरात, आभाळात ढगाचा पुंजका नसताना, सकाळी लेथवर टप टप सुरू झालं. गल्ली जमली. पोरगा शिडी घेऊन भोक शोधायला निघाला, त्याला अण्णांनी हातानं थांबवलं. गळती नव्हे. रात्री उघड्या आभाळाखाली पत्रा गार पडतो, आतल्या हवेतली वाफ त्याला लागून पाणी होते आणि खाली ठिबकते. शास्त्र सगळं बरोबर होतं. पत्र्याखाली अस्तर घातलं असतं तर थांबलंही असतं. पण कॅटलॉगमध्ये ते जादा पैशाला होतं. “शेडला घाम येतो, एवढंच,” अण्णांनी समारोप केला.

वहिनी दारात उभ्या होत्या. “मग बादली आणू,” त्यांनी विचारलं, “का टॉवेल?”