पामवाले भाऊसाहेब

पामवाले भाऊसाहेब बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली सारखेच आढळतात, मात्र एका गावात सहसा एकच. चिखलीत एक, मेहकरात एक, मलकापुरात एक. खामगावात दोन आहेत म्हणतात, पण त्यांचे एकमेकांशी बोलणे नाही, कारण दुसऱ्याकडचे यंत्र सोनीचे आहे. वय साठीच्या पुढे. पेशाने हे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक, निवृत्त बँक अधिकारी किंवा कधीच निवृत्त न होणारे विमा प्रतिनिधी असतात. शर्टाच्या खिशातला मोबाइल मुलाने घेऊन दिलेला असतो. त्याच्या मागे, छातीला जास्त जवळ, राखाडी रंगाचे दुसरे यंत्र असते, ते मात्र स्वतःचे.

हे यंत्र म्हणजे पाम. १९९६ साली ते ‘पायलट’ या नावाने अमेरिकेत बाजारात आले. पुढे कंपनीची मालकी बदलत गेली, २०१० मध्ये ती एचपीने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी हा सगळा संसार गुंडाळला. भाऊसाहेबांकडचे यंत्र बहुधा २००० सालचे एम-१०० असते: २ मेगाबाइटची स्मृती, रंग नसलेला पडदा, दोन बारीक पेन्सिल सेल. ते अमेरिकेतल्या भाच्याने आणलेले असते. त्या काळी गावातल्या इतर प्रतिष्ठितांकडे कॅसिओची डिजिटल डायरी होती. भाऊसाहेब तिला आजही कॅल्क्युलेटर म्हणतात.

पामवर देवनागरी नाही. पडद्याच्या खालच्या चौकटीत काडीने ग्राफिटी नावाच्या लिपीत रोमन अक्षरे काढावी लागतात. बहुतेक अक्षरे एका रेघेत संपतात आणि ‘ए’ला मधली आडवी रेघ नसते. ही सवय भाऊसाहेबांच्या हाताला इतकी बसते की बँकेत त्यांची सही जुळत नाही. नोंदींची भाषा वऱ्हाडी, लिपी अमेरिकी. कापसाचा भाव, मोटारीच्या तेलाची तारीख, शेगावला वारी कधी झाली, साडूला उसने दिलेले पैसे. टेलिफोन नंबर दोनशेच्या घरात असतात, पण त्यांतले बरेच पाच आकडी. पुढे दूरध्वनी खात्याने प्रत्येक क्रमांकाआधी २ लावला आणि त्यानंतर लोकांनी ते फोनच काढून टाकले, या दोन्ही घटनांची दखल यंत्राने घेतलेली नाही.

भाऊसाहेबांचे खरे जीवितकार्य मात्र नोंदी करणे हे नाही. हे यंत्र कॉम्प्युटरला जोडणे हे आहे.

पूर्वी ते सोपे होते. वायरीचे नऊ पिनांचे टोक कॉम्प्युटरच्या मागे खोचायचे, हॉटसिंकचे बटण दाबायचे, चढते सूर वाजायचे आणि दोन्हीकडच्या नोंदी एकसारख्या व्हायच्या. मुलाने पुण्याहून नवा लॅपटॉप आणला आणि संकट उभे राहिले. त्याला नऊ पिनांची जागाच नाही. दुकानातला पोरगा सांगतो, “काका, हा पोर्ट आता येत नाही.” भाऊसाहेब ऐकून घेतात आणि म्हणतात, “येत नाही कसा? आमच्या वायरीले तर हाये ना बाप्पा.”

मग यूएसबीला नऊ पिना लावणारी जोडवायर मागवली जाते. पहिली स्वस्तातली असते आणि तिच्यातली चिप नकली. मूळ चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरला नकली चिप ओळखता येते आणि तो काम करायला नकार देतो, पडद्यावर ‘कोड १०’ एवढेच उमटते. दुसरी वायर महाग आणि खरी निघते. आता प्रश्न उरतो कॉम पोर्टच्या क्रमांकाचा. विंडोज तो मनाला येईल तसा देते आणि वायर दुसऱ्या भोकात घातली की बदलते. पीकपाण्याचे भाकीत सांगणारी भेंडवळची घटमांडणी वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला होते. भाऊसाहेबांच्या टेबलावर भाकीत रोज वर्तवले जाते: आज कॉम ३, उद्या कॉम ७.

गंमत अशी की जुनी वायर असणारे यात भाग्यवान ठरतात. नंतरच्या पामना यूएसबी होते, पण ६४ बिटी विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर कंपनीने काढलाच नाही. ते लोक न्यूझीलंडच्या असीका कंपनीचा ड्रायव्हर शोधून काम भागवतात. खामगावच्या सोनीवाल्यांचे काय झाले, हे चिखलीचे भाऊसाहेब अधूनमधून समाधानाने विचारतात. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा पुतण्या मात्र लिनक्स घालून जे-पायलटने सगळे अर्ध्या तासात करून देतो. त्याचे आभार मानले जात नाहीत. चार महिन्यांचा उद्योग त्याने संपवलेला असतो.

पाम जोडला तरी धोका टळत नाही. हॉटसिंकच्या सेटिंगमध्ये एकाने दुसऱ्याला पुसून टाकण्याचे दोन पर्याय असतात: यंत्रातले कॉम्प्युटरवर घालायचे, की कॉम्प्युटरमधले यंत्रावर? नवा लॅपटॉप कोरा असतो. घाईत दुसरा पर्याय दाबला गेला की तो कोरेपणा इमानेइतबारे पामवर उतरतो. सेल बदलतानाही हाच घोर. सेल काढल्यावर स्मृती जेमतेम मिनिटभर टिकते, म्हणून त्या वेळी घरात कोणी हाक मारायची नाही, दारावरची बेल वाजली तरी उठायचे नाही. या सगळ्यावर तोड म्हणून जुना पेंटियम कॉम्प्युटर दिवाणाशेजारी टेबलपोसाखाली जपलेला असतो.

भाऊसाहेबांची एक बाजू रास्त आहे. पामचे बटण दाबले की डायरी तत्क्षणी उघडते, जाहिरात दाखवत नाही, पासवर्ड विचारत नाही आणि दोन सेलांवर आठवडेच्या आठवडे चालते. ही साधी रचना ज्यांनी ठरवली त्या जेफ हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला होता आणि कोणी भेटीची वेळ विचारली की ते ठोकळ्यावर काडी टेकवून लिहिण्याचे नाटक करत. सेल संपलेले असताना लग्नसमारंभात भाऊसाहेब नेमके हेच करतात, त्यांना ही परंपरा ठाऊक असो वा नसो.

घरात या उद्योगाला विरोध नाही, कारण त्या यंत्राची गरज कोणालाच पडत नाही. कोणाचा नंबर हवा असला की भाऊसाहेब काडी शोधू लागतात. तोवर वहिनी फोनजवळच्या वहीतून वाचून दाखवतात, “अहो, लिहा, अठ्ठ्याण्णव बावीस…” ती वही दर दिवाळीला नव्याने उतरवली जाते. जुन्या वहीतले गेलेल्यांचे नंबर तेव्हा गळतात. पाममध्ये ते आहेत, आणि सिंक यशस्वी झाल्यावर त्यांच्या वाढदिवसाची घंटाही वेळेवर वाजते.

पामच्या दिनदर्शिकेला २०३१ नंतरचे साल माहीत नाही. भाऊसाहेबांनी नातवाचा वाढदिवस ‘दरवर्षी’ असा नोंदवून शेवटच्या तारखेच्या जागी ‘नाही’ निवडलेले आहे आणि यंत्राने ते निमूटपणे ठेवून घेतले आहे.