शास्त्राचे अव्वल कारकून

जिल्ह्याच्या कचेरीत छत्तीस वर्षे दफ्तर सांभाळलेल्या मनुष्यास निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता जी पोकळी जाणवते, ती भरून काढण्यासाठी कोणी जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठाने फेऱ्या घालू लागतो, तर कोणी सोसायटीचा चिटणीस होऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांस नोटिसा धाडतो. परंतु तो मनुष्य ख्रिस्ती असेल आणि त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत असेल, तर तो हटकून प्रौढांच्या बायबल-वर्गाचा शिक्षक होतो. महसूल खात्यात तलाठ्यापासून अव्वल कारकुनापर्यंत साऱ्यांनाच ‘भाऊसाहेब’ म्हणण्याचा रिवाज असल्यामुळे आपणही त्यांना भाऊसाहेबच म्हणू. जळगावात त्यांची भेट झाली नाही, तर भुसावळ, चाळीसगाव, धुळे किंवा नवापूर येथील कोणत्याही मंडळीत उपासना संपल्यावर अर्धा तास थांबावे. कपाळावर चष्मा चढवलेले आणि बगलेत हजेरीपत्रक धरलेले भाऊसाहेब तेथे आढळल्यावाचून राहणार नाहीत.

हजेरीपत्रक हा भाऊसाहेबांच्या वर्गाचा आत्मा होय. लग्नकार्यासाठी गैरहजर राहू इच्छिणाऱ्याने आगाऊ कळवावे आणि आजारी पडणाऱ्याने, शक्य असल्यास, आजारी पडण्यापूर्वी कळवावे, असा त्यांचा दंडक आहे. वर्गाच्या आरंभीची त्यांची प्रार्थना अर्जाच्या नमुन्याबरहुकूम चालते. प्रथम मायना, मग मागील कृपांचा संक्षिप्त गोषवारा, त्यानंतर क्रमवार विनंत्या, आणि शेवटी ‘सबब’ या शब्दापाशी किंचित थांबून आमेन. प्रभू अंतर्यामी आहे यावर त्यांची पूर्ण श्रद्धा आहे. तरीही प्रकरण नीट मांडलेले असले म्हणजे वरिष्ठांस निर्णय देणे सोयीचे जाते, असा त्यांचा अनुभव आहे.

शास्त्राचा इतिहास सांगतानाही त्यांची दृष्टी दफ्तराचीच असते. मराठी नवा करार १८११ साली कॅरीसाहेबांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने बंगालातील सेरामपूर येथे छापून काढला, हे सांगताना ‘ते नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे’ ही दुरुस्ती ते दर वर्षी जोडतात, कारण एका वर्षी वर्गातील एका गृहस्थांनी तेथे जाऊन छापखान्याची चौकशी केली होती. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, प्रसिद्ध झाले, याचा उल्लेख करताना त्यांचा कंठ दाटून येतो. परंतु तो बाईंच्या विद्वत्तेमुळे दाटतो की अंतिम मुद्रिते तपासून हातावेगळी केल्यावरच त्यांनी देह ठेवला या कार्यालयीन शिस्तीमुळे, हे सांगणे कठीण आहे. खानदेशच्या मंडळ्यांचा वृत्तान्तही ते सरकारी वाटपाच्या भाषेतच देतात: १९०६ साली जिल्ह्याची फाळणी होऊन पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश झाले, पूर्वेस अलायन्स मिशन, पश्चिमेस स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. ‘हद्दी ठरलेल्या असल्या म्हणजे सुवार्तेलाही वाद होत नाहीत,’ असे म्हणून ते पुस्तक उघडतात.

आणि पुस्तक उघडले की त्यात त्यांना सर्वत्र महसूल दिसू लागतो. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात अब्राहामाने सारेच्या दफनासाठी एफ्रोन हित्तीकडून मकपेलाचे शेत चारशे शेकेल रुप्याला विकत घेतले. तेथे शेत, त्यातील गुहा आणि सभोवारच्या हद्दीतील झाडे असा तपशील आलेला पाहून भाऊसाहेबांस जो आनंद होतो, तो भाविकास दर्शनाने व्हावा तसा असतो. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह! शिवाय वेशीपाशी, साक्षीदारांसमक्ष! असे निर्वेध खरेदीखत आपल्या जिल्ह्यात शोधून दाखवा,’ असे ते आव्हान देतात. नाबोथाचा द्राक्षमळा हे बनावट पत्रांचे प्रकरण. हनन्या व सप्पीरा हे विक्रीची रक्कम कमी दाखवल्याचे. आणि शंभर मणांचे तेल पन्नासावर लिहून देणाऱ्या त्या अन्यायी कारभाऱ्याविषयी बोलताना तर ते खालच्या आवाजात आपल्या नोकरीतील अशी काही उदाहरणे सांगतात, ज्यांतील नावे मात्र प्राण गेला तरी उच्चारीत नाहीत.

प्रौढांच्या वर्गात काही प्रश्न ऋतूंप्रमाणे परत परत येतात. काइनाची बायको कोठून आली, हा त्यांपैकी मुख्य. या प्रश्नावर पाळकसाहेब मंद स्मित करतात, तरुण मंडळी मोबाइल उघडतात. भाऊसाहेब मात्र चष्मा कपाळावरून नाकावर आणून शांतपणे सांगतात, ‘नोंद नाही. जिथे नोंद नाही, तिथे तर्कावरून फेरफार मंजूर होत नसतो.’ चार शुभवर्तमानांत फरक का, या प्रश्नास त्यांचे उत्तर याहून खणखणीत आहे. ‘चार साक्षीदारांची जबानी शब्दाशब्दाने जुळली, तर मामलेदार काय समजतो? की चौघे आदल्या रात्री एकाच ओट्यावर बसले होते. चौघे वेगवेगळे बोलतात आणि घटना एकच सांगतात, म्हणून तर साक्ष ग्राह्य!’ भल्याभल्या धर्मपंडितांनी यापेक्षा फार निराळे सांगितले असेल असे मला वाटत नाही. त्यांनी केवळ अधिक पाने घेतली असतील.

मे महिन्यात, जेव्हा जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो आणि पंखा केवळ उष्मा वाटून देण्याचे काम करतो, तेव्हा वर्गातील निम्मी मंडळी डोळे मिटून चिंतन करू लागतात. भाऊसाहेब रागावत नाहीत. त्रोवस येथे पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबल्यामुळे खिडकीत बसलेला युतुख झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हा दाखला त्यांस तोंडपाठ आहे. ‘प्रेषितासमोर माणसे झोपत, तर माझी काय कथा? आपला वर्ग तळमजल्यावर भरतो, ही पंचांची दूरदृष्टी,’ इतकेच ते म्हणतात आणि हजेरीपत्रकात झोपलेल्यांच्या नावापुढे ‘हजर’ याच्या शेजारी एक बारीकसे टिंब देतात.

त्यांचा सर्वांत आवडता पाठ यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायाचा. यरुशलेमास बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी तो आपल्या चुलतभावाकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुप्याला विकत घेतो. रुपे काट्यात तोलतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी अशी दोन्ही खते बारूखाच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवावयास सांगतो. ‘अस्सल आणि नक्कल!’ भाऊसाहेब टेबलावर हात आपटतात. ‘शहर उद्या जळणार हे ठाऊक असूनही माणूस रीतसर कागद करतो. याला मी विश्वास म्हणतो. नुसते डोळे मिटून आमेन म्हणणे म्हणजे तोंडी व्यवहार.’

हे सर्व पाहून मी अनेकदा मनात हसलो आहे. गगनास भिडणाऱ्या कवित्वाचे ग्रंथ ज्यात आहेत, ते शास्त्र या गृहस्थांनी कचेरीच्या कपाटात नेऊन ठेवले, असा माझा अभिप्राय होता; स्तोत्रसंहितेचे दीडशे अध्याय त्यांनी ‘किरकोळ पत्रव्यवहार’ या सदराखाली घाईने उरकले, तेव्हा तर तो अभिप्राय पक्का झाला. तो बदलला गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायाच्या दिवशी.

त्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, मोशेपुढे येऊन उभ्या राहतात: बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे नाव वतनातून का वगळावे? प्रकरण वर जाते, आणि निकाल मुलींच्या बाजूने लागतो. भाऊसाहेब रंगात येऊन वारसनोंदीची पद्धत समजावून सांगत होते, तोच पारोळ्याकडच्या एक वृद्ध आक्का, ज्या वर्षानुवर्षे केवळ भजनापुरते तोंड उघडीत, एकाएकी म्हणाल्या, “भाऊ, मंग मन्हा बापनी जमीन मन्हा भाऊस्नीच कशी लिधी?”

वर्गात शांतता पसरली. दुसरा एखादा शिक्षक असता तर या ठिकाणी पार्थिव वतनापेक्षा स्वर्गीय वतन किती श्रेष्ठ, यावर बोलला असता आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. भाऊसाहेबांनी हजेरीपत्रक मिटले. “आक्का, हक्कसोडपत्रावर सही केली होती?” “नही.” “अंगठा?” “नही.” “वडील मृत्युपत्र करून गेले?” “नही, भाऊ.” आक्कांचे वडील या मंडळीतलेच. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मालमत्तेत १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो, हे पुस्तकातील वचन वाचावे तितक्याच गांभीर्याने सांगितले. ‘सलाफहादाच्या मुलींना भाऊ नव्हते म्हणून मिळाली. तुम्हांला भाऊ असूनही मिळते. मोशेच्या कायद्यात इतकी दुरुस्ती झाली आहे.’

मग त्यांनी खिशातून कोरा कागद काढला, आणि तलाठ्याकडील वारसनोंदवही, जिला ते प्रेमाने ‘सहा-क’ म्हणतात, तिच्या दाखल्यासाठीचा अर्ज तेथेच, वेदीपासून दहा हातांवर, सुवाच्य अक्षरात लिहिला. वर्ग पाऊण तास लांबला. कोणी झोपले नाही.

पुढे त्या अर्जाचे काय झाले ते मला सांगता येणार नाही. महसुली प्रकरणे शास्त्रातल्याइतक्या लवकर निकालात निघत नाहीत. परंतु त्या रविवारच्या हजेरीपत्रकाच्या शेऱ्याच्या रकान्यात, वर्ग लांबल्याचे कारण म्हणून भाऊसाहेबांच्या हस्ताक्षरात लिहिलेली ओळ मी स्वतः वाचली आहे: ‘पाठ पूर्ण. अंमलबजावणी सुरू.’