मुष्टिमीमांसा: कानशीच्या मुठीचा शास्त्रोक्त विचार

हातोडी दांड्यासकट मिळते, स्क्रू-ड्रायव्हर मुठीसकट मिळतो, विळीलासुद्धा पाट असतो. कानस मात्र बहुतेक दुकानांत उघड्या टँगनिशी, म्हणजे नुसत्या निमुळत्या शेपटीनिशी हातात ठेवतात. रत्नागिरी-चिपळूणला कानशींचे कारखाने आहेत, पण मूठ ज्याची त्याने बघावी हा या धंद्याचा जुना संकेत. कानशीची लांबी मोजतानाही टँग जमेस धरत नाहीत. १० इंची कानस म्हणजे टँग सोडून १० इंच. ज्या अवयवाला मापातच स्थान नाही, त्याच्या पांघरुणाची काळजी कोण करणार?

शास्त्रकार अगदीच मौन होते असे नाही. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथे १८६४ साली स्थापन झालेल्या निकोल्सन कंपनीने १८७८ मध्ये कानशींवर स्वतंत्र ग्रंथच छापला. भारत सरकारही उदासीन नाही: अवजारांच्या लाकडी मुठींसाठी आयएस ६२० हे मानक आहे. त्यामुळे घरच्या गॅलरीत मूठ घडवणाऱ्याने आपण एकटे आहोत असे मानू नये, घरच्यांचे मत काहीही असो.

पूर्वपक्ष असा: मूठ हवीच कशाला? टँगला चिंधी गुंडाळावी. या पक्षाचा सुधारक गट सायकलची जुनी ट्यूब वापरतो. उत्तर एवढेच, की जोरात पुढे जाणारी कानस मध्येच अडली तर हात थांबत नाही आणि टँग तळहातात शिरते. चिंधी त्या जखमेला उपयोगी पडते, पण आधी नव्हे.

काष्ठनिर्णयात फार वेळ घालवू नये. बाभूळ उत्तम, शिसवी दिखाऊ आणि उत्तम, पेरूची फांदी फुकट आणि उत्तम. लाकूड वाळलेले मात्र हवे. ओले लाकूड पुढे आकसते आणि तोंडावरची शेंबी गळून पडते. ही शेंबी दागिना नव्हे. टँग पाचरीसारखी लाकडात शिरते आणि ते उभे चिरू पाहते. पितळी नळीचा तुकडा तोंडाशी घट्ट बसवला की तो चीर रोखतो.

खरा शास्त्रार्थ छिद्रावर आहे. टँग निमुळती, ड्रिलचे भोक सरळ. यातून दोन संप्रदाय निघाले. वेधवादी तीन मापांची ड्रिल घेतात: बारीक खोलवर, मधले मध्यापर्यंत, जाड तोंडापुरते. दाहवादी टँग लाल करून लाकडात दाबतात. धूर होतो, डोळे चुरचुरतात, शेजारी विचारपूस करतात. पण टँग आपल्या मापाचे घर स्वतःच जाळून घेते. आक्षेप गंभीर आहे: उष्णता अंगापर्यंत पोचली तर दात्यांचे पाणी उतरते आणि कानस नुसती पट्टी उरते. दाहवादी अंगाला ओले फडके गुंडाळतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्याच मापाची झिजलेली कानस तापवून भोक पाडावे. प्रस्तुत लेखकाचा कल वेधवाद्यांकडे आहे. कारण तात्त्विक नसून गॅलरी लहान आहे.

आता आघातविचार. नवशिका मूठ बसवताना कानशीच्या टोकावर हातोडी मारतो. कडक पोलाद ठिसूळ असते. तुकडा डोळ्यात उडू शकतो. कानस वर आणि मूठ खाली धरून मुठीचा बुंधा बाकावर आपटावा. मूठ थांबते, कानस जडत्वाने खाली येत राहते आणि टँग रुतत जाते. न्यूटनला इथे हातोडीची गरज पडत नाही.

एक कूट मात्र सुटलेले नाही. ज्याच्याकडे लेथ नाही तो लाकडात बोल्ट बसवतो, तो ड्रिलमध्ये अडकवतो आणि फिरत्या लाकडाला कानस लावून मुठीला आकार देतो. फिरत्या वस्तूवर उघड्या टँगची कानस धरणे, हा तळहात भोसकून घेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. म्हणजे सुरक्षित मूठ करायला मुठीची कानस हवी आणि ती कानस मिळायला मूठ हवी. नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. पहिली मूठ चाकूने तासावी, पॉलिश पेपरने घासावी आणि कुरूपच राहू द्यावी, हा एक परिहार. दुसरा परिहार बाजारातली प्लास्टिकची मूठ आणणे. पण तो मानला तर हा ग्रंथच निरर्थक ठरतो, म्हणून त्याज्य.

शेवटी एकमुष्टिवादी. यांच्या मते एकच मूठ पुरे. गरजेप्रमाणे ६ इंची, ८ इंची, १२ इंची कानशीला लावावी. प्रत्येक टँगचा उतार निराळा, त्यामुळे मोठीने सैल केलेल्या भोकात लहान कानस लटपटते, आणि ही मंडळी तिथे कागदाची घडी कोंबतात. यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. आपली मूठ मात्र यांना उसनी देऊ नये. कानस मागितली तर टँग उघडी करून द्यावी, सोबत चिंधी द्यावी.