शेंबूडखात्याचे सचिव

तान्ह्या बाळाला सर्दी झाली की घरातल्या एका माणसाला बढती मिळते. पूर्वी ती आजीला मिळायची, हल्ली बापाला मिळते. परवापर्यंत ज्याला स्वतःचा रुमाल सापडत नव्हता, तो एका रात्रीत शेंबूडखात्याचा सचिव होतो. रात्री दहाला औषधाच्या दुकानात जाऊन पाहा. दाढी वाढलेले, टी-शर्ट उलटा घातलेले असे दोन-तीन सचिव काउंटरशी उभे असतात. त्यांतले एक आमचे जावईबापू.

लेक बाळंतपणाला नाशिकला आली, ती अजून आमच्याकडेच आहे. नातू पाच महिन्यांचा. त्याचं नाक चोंदल्याचा फोन गेला आणि हे हिंजवडीहून रातोरात हजर. पिशवीत खेळणं एकही नाही. थर्मामीटर, मिठाच्या पाण्याचे थेंब आणि एक नळी.

त्या नळीविषयी सांगायलाच हवं. एक टोक बाळाच्या नाकपुडीशी, दुसरं बापाच्या तोंडात. मध्ये डबी आणि फिल्टर, त्यामुळे पुढचा अनर्थ टळतो म्हणे. ते ओढायला लागले तेव्हा मला आमचा रॉकेलवाला आठवला. तोही पिंपात नळी टाकून असेच गाल आत घ्यायचा. फक्त काय निघालं ते तो घरभर दाखवत फिरत नसे.

दूध पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी थेंब, मग नळी, असा नियम. दूध ओढताना तोंड गुंतलेलं, श्वास नाकानंच घ्यायचा. नाक बंद असलं की पोर दोन घोट घेतं आणि भोकांड पसरतं. हे त्यांनी मला, हिला आणि सकाळी दारात उभ्या दूधवाल्यालाही समजावलं.

"मिठाचंच पाणी ना? मीठ आहे की घरात," ही म्हणाली.

"नको आई. ते निर्जंतुक असतं. लिटरला नऊ ग्रॅम."

चाळीस वर्षं अंदाजानं मीठ टाकणारी बाई यावर गप्प बसली. असं मी आजवर पाहिलं नव्हतं.

मग हिचं खातंच काढून घेण्यात आलं. मध वर्षाच्या आत नाही, त्यातल्या जंतूंनी तान्ह्याला विषबाधा होऊ शकते. कापूर नाही, झटके येऊ शकतात. नाकात तेल नाही, ते फुप्फुसात उतरतं. वेखंड-बाळंतशेपांची धुरी नाही, धूर तो धूरच. डोक्याखाली उशी नाही, पाठीवर, सपाट. आणि सर्दीचं सिरप तर नाहीच; दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं केंद्रीय आरोग्य खात्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना कळवलंय, ते पत्र यांच्या मोबाइलमध्ये. सगळं बरोबर आहे हो. तेच तर झोंबतं. ओव्याची पुरचुंडी तेवढी तडजोडीत वाचली: तव्यावर शेकायची, पण बाळाला टेकवायची नाही, लांब खुंटीला टांगायची.

एवढं झाल्यावर बाळ झोपतं. सचिव झोपत नाहीत, ते श्वास मोजतात. या वयात मिनिटाला पन्नास किंवा वर गेले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर थेट दवाखाना, हे पाठ. मोजायचे पूर्ण मिनिटभर. पहिल्या रात्री बत्तीसपर्यंत आले आणि गुरख्यानं शिट्टी मारली. पुन्हा एकपासून. या वेळी एकोणचाळीस भरले, पण मनाची खात्री होईना, म्हणून छातीवर मोबाइलचा टॉर्च. टॉर्च घसरला डोळ्यांवर. पोर उठलं. रडलं म्हणून नाक भरलं, नाक भरलं म्हणून थेंब, थेंबांमागून नळी, नळीपायी पुन्हा भोकांड. अडीच वाजता अख्खी इमारत जागी होती आणि प्रत्येकाकडे उपाय होता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छाती ऐकली. दूध पितोय? शू होतेय? मग काही नाही, आठवडा-दहा दिवसांत जाईल. "तशी वर्षातून सहा-आठ वेळा होतेच या वयात," असंही ते सहज बोलून गेले. जावईबापू उठत होते, ते परत खुर्चीत बसले. घरी येताना फिल्टरचं मोठं पाकीट घेतलं.

चौथ्या रात्री लेकीनं टॉर्च जप्त केला आणि यांची गादी हॉलमध्ये घातली. बाळ पावणेसहापर्यंत गाढ झोपलं. मी जागा होतो. हॉलमधून दळण दळल्यासारखा आवाज येत होता. नाक चोंदलं होतं ते आता जावईबापूंचं. फिल्टरचं काय झालं, कोणास ठाऊक. खुंटीवरची पुरचुंडी काढून त्यांच्या उशाशी ठेवली, आणि उभाच आहे तर म्हणून मोजले. पूर्ण मिनिट. चौदा भरले.