जावईबापूंच्या पाकसिद्धीविषयी सविस्तर निवेदन

तीर्थरूप आई-बाबांस, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर, मेलबर्नहून कन्या-जावयाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आरोग्यदायी आहार म्हणजे दुकानात जे सर्वांत महाग मिळते ते, अशी परदेशस्थ मराठी पुरुषाची प्रामाणिक समजूत असते, आणि जावईबापू (मूळचे पुण्याचे, हा त्यांचा दोष मानू नये) तिला अपवाद नाहीत. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात, जवसाची चटणी न मागता ताटात पडते. तेच जवस येथे चकचकीत पाकिटातून विकले जाते, आणि जावईबापूंनी ते सहा महिने दह्यातून अख्खे गिळले. जवसात ओमेगा-3 वर्गातील स्निग्धाम्ल, म्हणजे हृदयाला हितकर मानली जाणारी चरबी, असते हे खरे. परंतु टणक सालीचा अख्खा दाणा बहुतांशी न पचताच मार्गस्थ होतो, म्हणूनच आई जवस भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून कुटतात, हे त्यांना सातव्या महिन्यात उमगले.

प्रथिनांची पूडही आता फळीवर धूळ खाते. तांदळात लायसीन, म्हणजे प्रथिन ज्यांपासून बनते त्या अमिनो आम्लांपैकी एक, कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, म्हणून वरण-भात हे एकमेकांची उणीव झाकणारे जोडपे होय (सर्वच जोडप्यांविषयी असे म्हणता येत नाही). या भातालाही आपल्याकडचा इतिहास आहे: नागभीड तालुक्यातील नांदेडचे (मराठवाड्यातल्या नांदेडचे नव्हे) दादाजी खोब्रागडे यांनी 1983 पासून शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून जे धानाचे वाण सिद्ध केले, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. हे कळल्यापासून जावईबापू घड्याळ लावून भात शिजवतात आणि तो तरीही बुडाला लागतो.

खरा घोटाळा अंबाडीच्या भाजीत झाला. पाने उकडून घोटावीत, कण्या म्हणजे तांदळाचा चुरा घालून शिजवावे, लसणाची फोडणी द्यावी, येथवर सर्व यथासांग पार पडले. पण आईंच्या पाककृतीच्या चिठ्ठीतील शेवटची ओळ ‘वरून सांबार टाकणे’ अशी होती, आणि विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे पुण्यात कोणी शिकवत नसल्याने जावईबापूंनी मसाल्याचे पाकीट फोडून, शेवग्याच्या शेंगांसह पातेलेभर सांबार रांधून ते भाजीवर ओतले. शेजारच्या तमिळ कुटुंबाने दोनदा वाढून घेतले. कन्येने त्या रात्री दही-भात खाल्ला.

तरी यापुढील चिठ्ठीत कृपया ‘कोथिंबीर’ असे लिहावे, आणि जवस टपालाने पाठवू नये, कारण बाहेरच्या बियाण्यांबाबत येथील नियम फार कडक आहेत.