तपासणी पथक येता दारी: नव्या डॉक्टरांसाठी पहिली पुस्तिका

ही पुस्तिका कोणासाठी

राजूरसारख्या गावात दहा खाटांचं नर्सिंग होम टाकलेल्या, बँकेचे हप्ते सुरू झालेल्या आणि अजून एकही तपासणी न पाहिलेल्या डॉक्टरांसाठी ही पुस्तिका आहे. वैद्यकीय महाविद्यालयात तुम्हाला पेशंट तपासायला शिकवलं, पण दवाखाना कसा तपासला जातो ते कोणीच शिकवलं नाही. ती उणीव इथे भरून काढली आहे. पुस्तिकेचं मूलतत्त्व आधी पाठ करा: दवाखाना सुरक्षित असणं वेगळं आणि सुरक्षित दिसणं वेगळं. तपासणीला दुसरं पुरतं. पहिल्याला खर्च फार.

धडा 1: कोण येतं आणि काय बघतं

नवशिक्यांचा पहिला गैरसमज असा की तपासणी म्हणजे एक साहेब आणि एक गाडी. तसं नाही. खाटा आहेत म्हणजे 1949चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू, त्याचा दाखला दर तीन वर्षांनी नवा करायचा. कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. सोनोग्राफीचं मशीन घेतलं असेल तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची समिती. एक्स-रे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळ. आणि आगीसाठी 2006चा राज्याचा कायदा, ज्यात परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि दर जुलैत ‘यंत्रणा चालू स्थितीत आहे’ असं प्रमाणपत्र घेऊन द्यायचं असतं.

घाबरू नका. प्रत्येक खातं आपापला कागद बघतं. कचऱ्याचे साहेब आग विझवण्याच्या नळकांड्याकडे पाहत नाहीत आणि सोनोग्राफीची समिती कचऱ्याच्या पिशवीत डोकावत नाही. हे सगळे कागद एकाच दिवशी, एकाच टेबलावर मागणारा अधिकारी अजून जन्माला यायचा आहे. तो जन्मल्यास, त्याची प्रसूती तुमच्याकडे होऊ नये एवढंच बघा.

धडा 2: आगमनाची चिन्हं

राजूर जालन्याहून साधारण 25 किलोमीटर. म्हणजे गाडी जालन्यातून निघाल्याचा फोन आला की तुमच्याकडे अर्धा तास असतो. तेवढ्यात फरशी पुसून होते, सिस्टरांच्या अंगावर ॲप्रन चढतो आणि कॉटखालचं सामान गच्चीवर जातं. त्यासाठी जालन्यात एक तरी मित्र राखून ठेवा. तो डॉक्टर असण्याची गरज नाही, त्याचं दुकान रस्त्यावर असलं म्हणजे झालं.

चतुर्थीच्या दिवशी मात्र चिन्हं फसवतात. सरकारी पाटीची गाडी गावात शिरते, तुमच्या छातीत धडधडतं आणि गाडी सरळ राजुरेश्वर गणपतीच्या टेकडीकडे वळते. अंगारकीला तर निर्धास्त असा. त्या दिवशी जालन्याकडून माणसं रात्रीपासून चालत येतात आणि गर्दीत पथकाची गाडी शिरायची नाही. उपासात चक्कर आलेल्या आजी, मधुमेही भाविक, चेंगरलेलं पोर हे सगळे मात्र नेमके त्याच दिवशी तुमच्याकडे येतात. पथक येतं त्या दिवशी दवाखाना रिकामा असतो आणि दवाखाना भरतो त्या दिवशी पथक नसतं. ही व्यवस्था कोणी मुद्दाम आखलेली नाही, पण इतकी सोयीची आहे की तिच्याबद्दल तक्रार कोणी करत नाही.

धडा 3: पिशव्यांचे रंग

हा धडा फक्त ओपीडी चालवणाऱ्यांनाही सक्तीचा आहे, कारण 2016चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम खाटा मोजून लागत नाहीत. पिवळ्या पिशवीत रक्ताचे बोळे, ड्रेसिंग, वार आणि मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, बाटल्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा. पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काचेच्या कुप्या. प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांहून जास्त ठेवायचा नाही आणि पिशवीवर बारकोड हवा.

सादरीकरणाची पद्धत सोपी आहे. चार कोऱ्या डब्यांचा संच कपाटात राखून ठेवा आणि पथकाच्या दिवशी बाहेर काढा. पिवळ्यात दोन स्वच्छ बोळे टाका, पूर्ण रिकामा डबा संशय आणतो. वर रंगांचा तक्ता चिकटवा. तक्त्याची उंची अशी ठेवा की साहेबांना सहज वाचता येईल आणि झाडणाऱ्या मावशींना मान वर करावी लागेल.

मावशींचा उल्लेख निघालाच आहे तर एक खबरदारी. कर्मचाऱ्यांना हेपेटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणं हेही याच नियमांत आहे. ते मावशींना कळू देऊ नका. उघडी सुई बोटात घुसली की त्या हळद लावतात आणि कामाला लागतात. त्यांना लसीबद्दल कळलं तर त्या विचारतील, आणि एकदा विचारायला लागलेली माणसं लवकर थांबत नाहीत.

धडा 4: भिंतीवरचं लाल नळकांडं

हे प्रवेशद्वारापाशी, डोळ्यांत भरेल असं टांगा. गळ्यातल्या चिठ्ठीवरची तारीख चालू वर्षाची हवी. पिन ओढायची, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरायचं, खटका दाबायचा आणि डावी-उजवीकडे फिरवायचं, एवढीच ती विद्या. ती रात्रपाळीच्या मुलाला शिकवायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं वाचवा.

मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावा, चोरांचं भय फार. किल्ली तुमच्या घरी. खिडक्यांना जाड गज. वॉर्मर, एसी आणि फ्रिज एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर.

इथे थोडा इतिहास, कारण चांगल्या पुस्तिकेत तो असतो. 9 जानेवारी 2021 रोजी पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. लगेच राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. कागद फिरले, रकाने भरले. त्याच वर्षी 23 एप्रिलला विरारमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून अकरा रुग्ण दगावले. तीन आगी, एकच वर्ष, आणि आदेश पहिल्या आगीनंतरचा. यावरून नवशिक्यांनी घ्यायचा बोध: आदेशाचं पालन झाल्याचा अहवाल वेळेत पाठवावा. दुसरा बोध या पुस्तिकेच्या कक्षेत येत नाही.

धडा 5: नोंदवह्या

रजिस्टर हा तपासणीचा प्राण. सहा महिन्यांच्या नोंदी एका रात्रीत भरायच्या असतील तर किमान तीन पेनं वापरा, त्यातलं एक अडखळत चालणारं हवं. दोन वेगळी अक्षरं लागतात. कंपाउंडरचं अक्षर चांगलं असेल तर त्याला हे काम देऊ नका. अधूनमधून एखादी खाडाखोड आणि चहाचा डाग, म्हणजे वही वापरातली वाटते.

फ्रिजच्या तापमानाच्या तक्त्याकडे विशेष लक्ष द्या. रेबीजची लस 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. पण मे महिन्यात, दुपारभर वीज नसताना, रोज सकाळ-संध्याकाळ 4 अंश लिहिणं हा नवशिक्यांचा ठळक दोष आहे. मधूनच 5 लिहा, एखाद्या रविवारी 6.

सोनोग्राफी करत असाल तर एफ फॉर्म पूर्ण भरा आणि महिन्याचा अहवाल पुढच्या 5 तारखेच्या आत पाठवा. इथे कारागिरी करू नका. मराठवाड्याने 2012 साली परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण पाहिलं आहे, आणि या बाबतीत अधिकाऱ्यांनाही विनोद कळत नाही. कायद्याचं पुस्तक दवाखान्यात ठेवणं बंधनकारक आहे. ते वाचणं बंधनकारक नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी त्याचं प्लॅस्टिक शाबूत असतं.

नोंदी ठेवण्याची एक दुसरी पद्धतही आहे, तिच्यापासून तरुणांनी सावध राहावं. राजूरच्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. विंचू चावलेली माणसं यायची आणि मरायची. हे गृहस्थ रात्र रात्र त्यांच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहून काढत राहिले. त्या नोंदींतूनच पुढे प्राझोसिन या साध्या गोळीचा उपचार उभा राहिला, तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास होतं ते 1 टक्क्याच्या घरात आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण विचार करा: त्या वह्या कोणी तपासायला येणार म्हणून लिहिलेल्या नव्हत्या. सगळ्या नोंदी रात्रीच्या, घाईच्या, कदाचित एकाच पेनाने लिहिलेल्या. आपल्या तपासणीत अशा वह्यांवर शेरा पडायचा.

धडा 6: पथकासमोर बोलणं

पथक आल्यावर आधी खुर्च्या, मग पाणी, मग पोहे. पोहे वेळेत आले तर ऑपरेशन थिएटरपर्यंत जायला फारसं कोणी उठत नाही. सिस्टरना एकच वाक्य पाठ करून घ्या: ‘सरांना विचारून सांगते.’ हे वाक्य कोणत्याही प्रश्नाला चालतं. ‘ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी कुठे आहे?’ या प्रश्नालाही चालतं. रात्री तीन वाजता, फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला शेतकरी धापा टाकत असताना ते चालेल का, हा प्रश्न पथकाच्या नमुन्यात छापलेला नाही.

पेशंटना बोलू देऊ नका. त्यांना खरं बोलायची सवय असते.

धडा 7: त्रुटी आणि पूर्तता

सगळं करूनही काही त्रुटी निघतातच. निघाल्या नाहीत तर पथक आलंच नव्हतं असं वाटतं. म्हणून दोन-तीन निरुपद्रवी त्रुटी मुद्दाम ठेवा: पाण्याच्या टाकीवर धुतल्याची तारीख नाही, बोर्डावर वेळ लिहिलेली नाही. सापडलेल्या त्रुटीने पथकाचं समाधान होतं आणि न सापडलेली त्रुटी जागच्या जागी राहते. पुढे नोटीस येईल, तुम्ही पूर्तता अहवाल पाठवाल, आणि कपाटातले चार कोरे डबे पुन्हा कपाटात जातील.

परिशिष्ट: सर्वांत धोकादायक तपासनीस

आतापर्यंत ज्यांच्याविषयी सांगितलं ते सगळे फोन करून येतात. एक तपासनीस न कळवता येतो, रात्री-अपरात्री येतो, मुक्काम करतो, वर बिलही भरतो. तो म्हणजे पेशंटचा नातेवाईक. सुदैवाने आपण तपासनीस आहोत हे त्याला ठाऊक नाही.

ते ठाऊक होण्याची एक वाट कायद्यानेच उघडली आहे. शुश्रूषागृहांच्या 2021च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. उपाय असा: सनद बारीक अक्षरात छापा आणि तिच्यावर राजुरेश्वराची मोठी तसबीर टांगा. ती हलवायची छाती कोणाची होत नाही. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची संस्था दवाखाने तपासते, चार श्रेणींपैकी एक देते, अहवाल सगळ्यांसाठी खुला ठेवते आणि मिळालेली श्रेणी दवाखान्यात दिसेल अशी लावायला लावते. या प्रथेची गावात वाच्यता करू नका.

खालील पाच प्रश्न केवळ डॉक्टरांच्या माहितीसाठी दिले आहेत. ते पारावर, बचत गटाच्या बैठकीत किंवा बाजाराच्या दिवशी लोकांच्या तोंडी येणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

1. नर्सिंग होमचा दाखला कुठे लावला आहे आणि त्याची मुदत कधी संपते?
2. रात्री दोन वाजता इथे कोण डॉक्टर असतात आणि त्यांची नोंदणी कोणत्या परिषदेची आहे?
3. मागचं दार आत्ता उघडून दाखवता का?
4. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडाल का आणि वापरल्यावर सुई कुठे टाकता?
5. आमच्या पेशंटच्या कागदांची प्रत अर्ज केल्यापासून 72 तासांत द्यायची असते ना?

हे पाचही प्रश्न कागदाच्या एका बाजूला मावतात आणि झेरॉक्सला दोन रुपये पडतात. या पुस्तिकेतली एवढी एक त्रुटी आम्हाला दूर करता आलेली नाही.